मुहूर्त झाला, सिनेमा राहिला

मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे सी.पी.-बेरार, हा प्रांत १९५० साली कागदावरून गेला. भंडारा जिल्हा आधी मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सिनेमाच्या धंद्यात मात्र त्या जिल्ह्यातली आमची पवनी 'सी.पी.-बेरार' मध्येच राहिली. हैदराबादचं संस्थान विलीन झालं तरी तिकडचा मुलूख वितरकांच्या तोंडी 'निझाम'च राहिला, तसंच हे. वैनगंगेकाठच्या आमच्या या भागात तंबूत किंवा टॉकीजमध्ये जो सिनेमा लागे, त्याचे इथले हक्क बहुधा अमरावती किंवा भुसावळच्या एखाद्या वितरकाच्या हाती असत. हे हक्क तो पुष्कळदा सिनेमा तयार होण्याआधी विकत घेई. जे सिनेमे गाजावाजा करून जाहीर झाले आणि कधी पडद्यावर आले नाहीत, त्यांचं कूळ शोधायचं तर सुरुवात इथून करावी लागते.

स्टुडिओच्या काळात अशी पाळी फारशी येत नसे. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात घ्या, किंवा मालाडची बॉम्बे टॉकीज घ्या. नटांपासून सुतारांपर्यंत सगळे पगारी, सेट घरचे, कॅमेरे घरचे. एक सिनेमा पुरा झाला की त्याच माणसांनी दुसऱ्याला हात घालायचा. महिन्याचा पगार चालू असताना सिनेमा अर्धवट टाकणं कंपनीला परवडणारं नव्हतं. जुनं पुन्हा करण्याचीही कुणाला लाज नव्हती. फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' १९१७ मध्ये नव्याने केला, बाबूराव पेंटरांनी १९२५ चा मूक 'सावकारी पाश' १९३६ मध्ये बोलका केला. रिमेक ही आपल्याकडे पहिल्या दशकापासूनची गोष्ट आहे.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि कच्ची फिल्म दुर्मिळ झाली. १९४२ पासून सरकारने सिनेमाची लांबी ११,००० फुटांवर आणली. पुढच्या वर्षी फिल्मच्या वाटपावरच नियंत्रण आलं. परवाना नसेल तर सिनेमा नाही. ज्यांचा शेवटचा सिनेमा, 'गंगावतरण', १९३७ मध्ये आला होता, त्या दादासाहेब फाळक्यांनीही नव्या सिनेमासाठी परवानगी मागितली. वय ७३. फेब्रुवारी १९४४ मध्ये नकाराचं पत्र आलं आणि १६ तारखेला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. ज्यांच्यापासून आपला सिनेमा सुरू झाला, त्यांच्याही नावावर एक न झालेला सिनेमा आहे. मला ही गोष्ट या साऱ्या कुळकथेत सर्वांत जिव्हारी लागते. पुढे अनेकांच्या वाट्याला जे आलं, ते आधी फाळक्यांच्या वाट्याला आलं होतं.

युद्धाने दुसरी एक गोष्ट केली. काळ्या बाजाराचा पैसा सिनेमात शिरला. हा पैसा घेऊन आलेल्या निर्मात्याकडे स्टुडिओ नव्हता, पगारी माणसं नव्हती. स्टुडिओ तो भाड्याने घेई. त्याने मोठे नट जास्त पैसे देऊन फोडले, आणि पगारावर चालणाऱ्या कंपन्या दहा-बारा वर्षांत मोडल्या. १९४९ मध्ये सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे अध्यक्ष स. का. पाटील होते आणि सदस्यांत व्ही. शांताराम. १९५१ च्या तिच्या अहवालात ही सगळी पडझड नोंदली आहे. सिनेमाला सरकारी कर्ज मिळावं, शिक्षणसंस्था निघावी, या तिच्या शिफारशी होत्या. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९६० मध्ये निघालं आणि त्याच वर्षी पुण्यात प्रभातच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. बँकांची दारं मात्र सिनेमाला उद्योगाचा दर्जा जाहीर होईपर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत, जवळजवळ बंदच होती.

मधल्या पन्नास वर्षांत पैसा येत होता तो दोन वाटांनी. एक हुंडीवाला सावकार, त्याचं व्याज जबर. दुसरी वाट वितरकाची. निर्माता हिरो-हिरॉइनला साइनिंग देऊन त्यांची नावं मिळवी, संगीतकाराचं नाव जोडी, साप्ताहिकात रंगीत पानभर जाहिरात देई आणि एकेक सर्किट, म्हणजे वितरणाचा एकेक मुलूख, विकायला काढी. करार झाला की वितरक पहिला हप्ता देई, शूटिंग पुढे सरकेल तसे पुढचे हप्ते, आणि उरलेली रक्कम प्रिंटच्या पेट्या ताब्यात घेताना. अमुक एक रक्कम तर द्यायचीच, सिनेमा चालो न चालो, या कबुलीला धंद्यात एम. जी., म्हणजे मिनिमम गॅरंटी, म्हणतात.

मुहूर्ताचं रूप या व्यवहारात पालटलं. कॅमेऱ्याची पूजा जुनीच. आता तिला पाहुणे आले. एखाद्या मोठ्या माणसाने क्लॅप द्यायचा, दुसऱ्याने कॅमेरा सुरू करायचा, हिरोने एक जोरदार संवाद म्हणायचा, नारळ, पेढे. पुढच्या रांगेत सर्किटांचे वितरक बसलेले. तो संवाद त्यांच्यासाठी असे. त्या दिवशी किती सर्किटं विकली जातात यावर पुढचं शूटिंग अवलंबून. विकली गेली नाहीत तर शेड्यूल पुढे ढकला, तोवर हिरोच्या तारखा दुसऱ्याकडे गेलेल्या, सेटचं भाडं चढलेलं, सावकाराचं व्याज चालूच. दोन-चार रिळं लॅबमध्ये, आणि लॅबचं बिल भागेपर्यंत निगेटिव्ह तिथून हलत नाही. एक रीळ साधारण १,००० फुटांचं, पडद्यावर अकरा मिनिटांचं. डब्यात गेलेले कितीतरी सिनेमे असे वीस-तीस मिनिटांचे आहेत. त्यांच्यामागे आळस किंवा कल्पनेचं दारिद्र्य नव्हतं. पुढचा हप्ता आला नाही, इतकंच.

दिग्दर्शक के. आसिफ यांच्या आयुष्यात हे सगळं एकदम दिसतं. 'मुघल-ए-आझम' त्यांनी चाळीसच्या दशकात चंद्रमोहन आणि नर्गिस यांना घेऊन सुरू केला होता. चंद्रमोहन म्हणजे प्रभातच्या 'अमृतमंथन' मधले ते घारे, जळते डोळे. फाळणीनंतर पैसा लावणारे शिराझ अली हकीम पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले, सिनेमा संपला. पुढे शापूरजी पालनजी उभे राहिले म्हणून दिलीपकुमार आणि मधुबाला यांचा 'मुघल-ए-आझम' १९६० मध्ये आला. म्हणजे आपण पाहतो तो सिनेमा एका मेलेल्या सिनेमाच्या जागी उभा आहे. आसिफ यांच्याच 'लव्ह अँड गॉड' च्या वेळी दैवाने इतकी साथ दिली नाही. मजनू झालेला गुरुदत्त १९६४ मध्ये गेला, त्याच्या जागी संजीवकुमार आला, १९७१ मध्ये आसिफच गेले. १९८६ मध्ये तो जोडजाड करून प्रदर्शित झाला तेव्हा संजीवकुमारही नव्हता.

गुरुदत्तने स्वतःही सोडून दिलेले सिनेमे आहेत, आणि त्यांनी मागे पुष्कळ ठेवलं. १९५७ मध्ये गीता दत्तला घेऊन तो बंगालीत 'गौरी' करायला निघाला. तो भारतातला पहिला सिनेमास्कोप ठरला असता. थोडं शूटिंग होऊन थांबला. दोन वर्षांनी तो मान 'कागज के फूल' ला मिळाला. नंतर त्याच्या कंपनीने 'राज' हाती घेतला, सुनील दत्त आणि वहिदा रहमान यांना घेऊन. राहुलदेव बर्मनचं संगीतकार म्हणून पहिलं काम तेच ठरायचं होतं. सिनेमा बंद पडला आणि राहुलदेवचं पदार्पण १९६१ च्या 'छोटे नवाब' मध्ये झालं. 'राज' ची कथा ज्या इंग्रजी कादंबरीवरून घेतली होती, तिचाच धागा दिग्दर्शक राज खोसलांनी उचलला आणि १९६४ मध्ये 'वह कौन थी' आला. अर्धवट सिनेमाचं असं होतं. माणसं दुसरीकडे जातात आणि जाताना गोष्ट, चाल, तंत्र घेऊन जातात.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, उचल घेऊनच काम करणारी दुसरी एक कला आहे, आणि तिथे गोष्ट उलटी घडते. भाऊबीज झाली की पवनी, लाखांदूर, साकोलीच्या अंगाला मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस येतात, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. गावचं मंडळ वडसा-देसाईगंजला जाऊन नाटक कंपनीच्या ऑफिसात तारीख धरतं, उचल देतं. नाटकाचं नाव, नटनट्यांचे फोटो, गाव, तारीख, असं भडक रंगाचं पोस्टर चौकात लागतं. आणि त्या रात्री ते नाटक होतंच. रात्री सुरू झालेलं पहाटेपर्यंत चालतं. पाहुणे आलेले, गावाने मंडप घातलेला, पोरीबाळी माहेरी आलेल्या. या सगळ्यांसमोर पडदा उघडला नाही तर पुढच्या वर्षी त्या कंपनीला गावात कोण बोलावणार? उचल देणारा आणि प्रेक्षक इथे एकच, एवढाच फरक आहे. याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागाला झालेला आनंद घरच्यासारखा होता.

सिनेमात उचल देणारा आता बदलला आहे. वितरकाच्या जागी मोठ्या कंपन्या आल्या, करार पक्के झाले, आणि घोषणा फोनवर येऊ लागली. तरी न झालेल्या सिनेमांची रांग आटलेली नाही. कारणं तेवढी नवी आली. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया' वर नवी त्रयी करायची घोषणा फेब्रुवारी २०२० मध्ये झाली; मूळ दिग्दर्शक शेखर कपूर यांनी आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून जाहीर आक्षेप घेतला, सिनेमा लिहिणाऱ्यांपैकी जावेद अख्तर यांनी मात्र कपूर यांच्या दाव्यालाच हरकत घेतली. पात्र कुणाचं, लिहिणाऱ्याचं की पैसे घालणाऱ्याचं, हा प्रश्न त्या निमित्ताने चव्हाट्यावर आला. माझं मत लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. जुन्या सिनेमावर नवा उभा करताना ज्याने तो घडवला त्याची संमती आधी घेतली पाहिजे.

मराठी माणसाने सर्वांत जास्त वाट पाहिली ती शिवाजी महाराजांवरच्या सिनेमाची. फेब्रुवारी २०२० मध्ये शिवजयंतीला नागराज मंजुळे, रितेश देशमुख आणि अजय-अतुल यांनी तीन भागांची घोषणा केली होती. पुढे २०२४ मध्ये रितेशने 'राजा शिवाजी' स्वतःच्या दिग्दर्शनात जाहीर केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये महेश मांजरेकरांनी प्रतापराव गुजरांच्या नेसरीच्या झुंजीवरचा सिनेमा अक्षयकुमारला घेऊन जाहीर केला. तो २०२३ च्या दिवाळीत येणार होता. ती दिवाळी त्याच्याविना गेली.

पी. के. नायर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र' ची हाती लागली तेवढी रिळं जपली. न झालेल्या सिनेमांसाठी त्याच आस्थेने अमरावती-भुसावळच्या वितरकांच्या वह्या आता कुणीतरी गोळा करायला हव्यात. कोणत्या सिनेमासाठी किती पहिला हप्ता गेला आणि पेट्या कधीच आल्या नाहीत, याचा हिशेब असलाच तर त्या वह्यांत असेल. जुनी ऑफिसं बंद होताहेत, कागद रद्दीत जातोय, आणि ज्यांना हे करार तोंडपाठ आहेत ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.