गवळी मागे उभा होता

भुसावळात रेल्वेच्या मैदानावर मी पोरांना फुटबॉल शिकवायचो, तेव्हा प्रत्येकाला पुढे खेळायचं असे. मागे कोण उभा राहणार? मग मी गोव्याच्या महेश गवळीचं नाव काढायचो.

टाटा फुटबॉल अकादमीत घडलेला हा बचावपटू. जुलै २००३मध्ये ईस्ट बंगालने जकार्तात थायलंडच्या बीईसी तेरो सासनाला ३-१ हरवून आसियान चषक जिंकला, त्या संघात तो होता. पुढे डेम्पो क्लबकडून खेळताना २००७-०८च्या पहिल्याच आय-लीगचं विजेतेपद मिळालं. ऑगस्ट २००७मध्ये दिल्लीत भारताने सीरियाला १-० नमवून नेहरू चषक घेतला. गोल प्रदीपचा, तोच सगळ्यांच्या लक्षात. समोरच्यांना शून्यावर रोखणाऱ्यांची नावं विचारा, माणसं डोकं खाजवतात!

मी पोरांना एवढंच सांगे: चेंडूकडे बघत बसू नका, स्ट्रायकरची कंबर बघा. पाय फसवतो, कंबर फसवत नाही.

२०११च्या आशियाई चषकात, दोह्यात, भारताचे तिन्ही सामने गेले. ऑस्ट्रेलियाने चार, बहरीनने पाच, कोरियाने चार गोल चढवले. शिव्या अर्थातच बचावफळीला. गवळी त्या संघातही होता. नंतर तो राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला.