काझी : एका आडनावाची कुळकथा



शाळेच्या हजेरीपटात रोज पुकारले जाणारे आडनाव ही आपल्याला इतकी सवयीची गोष्ट झालेली असते, की त्याचा अर्थ काय, ते आपल्या घरात कोठून आले, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. वास्तविक आडनाव म्हणजे दोन-तीन अक्षरांत साठवलेला इतिहासच होय. आपल्या समाजात खतीब, मुल्ला, मुजावर, इनामदार, मुकादम, अत्तार, बागवान, शिकलगार अशी कितीतरी आडनावे आहेत. त्यांपैकी ‘काझी’ या एका आडनावाचा अल्प परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे आडनाव निवडण्याचे कारण असे, की त्याचा संबंध थेट विद्येशी आहे, आणि विद्या हाच तर आपल्या संस्थेचा विषय आहे.

शब्दाचा अर्थ

‘काझी’ हा शब्द अरबी आहे. निर्णय करणे, एखादी गोष्ट पूर्णत्वास नेणे, फेडणे, असे त्याच्या मूळ धातूचे अर्थ आहेत. म्हणून काझी म्हणजे निर्णय देणारा, न्यायाधीश. गंमत अशी, की याच धातूपासून निघालेले शब्द मराठी माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, रोज वापरीत असतो. भांडण-तंटा या अर्थाचा ‘कज्जा’ हा याच कुळातला. सावकाराचा ‘तगादा’ किंवा ‘तकादा’ हाही त्याच कुळातला, कारण त्यात देणे फेडून घेण्याची मागणी आहे. वेळेवर न झालेली नमाज मागाहून अदा केली, तर तिला आपण ‘कजा’ म्हणतो. तोही त्यांचाच भाऊ. कज्जा करणारा, तगादा लावणारा आणि त्या दोघांचा निवाडा करणारा काझी, अशी तिघेही एकाच घरची मंडळी आहेत!

या शब्दातील एक अक्षर अरबांच्या तोंडी ‘द’ला जवळचे, तर इराणी लोकांच्या तोंडी ‘झ’सारखे होते. त्यामुळे जगभर या शब्दाने निरनिराळी रूपे घेतली. तुर्कस्तानात व मलायात तो ‘कादी’ झाला. पूर्व आफ्रिकेत ‘कधी’ झाला, आणि केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतही ‘कधी’ न्यायालयांना स्थान आहे. स्पेनमध्ये अरबांची राजवट होती. तेथे ‘अल्-कादी’चे ‘अल्काल्दे’ झाले, आणि आज स्पॅनिश भाषेत नगराध्यक्षाला हाच शब्द आहे. आपल्याकडे भाषा फारसीच्या वाटेने आली, म्हणून ‘काझी’ किंवा ‘काजी’.

पद कसे होते?

इस्लामच्या दुसऱ्या खलिफांच्या, हजरत उमर यांच्या काळी प्रांतोप्रांती काझी नेमले जाऊ लागले. त्यांनी अबू मूसा अशअरी यांना लिहिलेले म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे. न्यायासनापुढे सबळ-दुर्बळ सारखे मानावेत, दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, आणि काल दिलेला निकाल चुकीचा होता असे आज ध्यानात आले तर सत्याकडे परत फिरण्यात संकोच बाळगू नये, असा त्याचा आशय आहे.

ही जबाबदारी किती जड मानली जाई, हे इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. ७६७) यांच्या चरित्रावरून कळते. खलिफा मन्सूर यांनी काझीपद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले आणि त्यापायी कैद सोसली. उलट त्यांचेच शिष्य अबू यूसुफ (मृत्यू इ.स. ७९८) यांनी पद स्वीकारले, आणि हारून अल्-रशीदच्या काळात ते पहिले ‘काझी-उल्-कुझात’, म्हणजे सरन्यायाधीश झाले. अबू यूसुफ गरीब घरातले होते. त्यांचे शिक्षण थांबू नये म्हणून गुरूंनी पदरचे पैसे दिले, असे चरित्रकार सांगतात. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या आमच्या मुलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. इस्लामी जगाचा पहिला सरन्यायाधीश हा एका शिक्षकाच्या मदतीने शिकलेला मुलगा होता.

आपल्या भूमीवर

आपल्याकडे काझी सुलतानांबरोबर आले, असा सर्वसाधारण समज आहे. कोकणापुरता तरी तो पुरता खरा नाही. अरब प्रवासी मसूदी हा इ.स. ९१६ च्या सुमारास चौल बंदरी आला होता. त्या वेळी तेथे शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. चौलला सुमारे १०,००० मुसलमान राहत असून त्यांचे व्यवहार पाहण्यासाठी ‘हुनरमन’ नावाचा प्रमुख नेमलेला असे, असे मसूदीने लिहिले आहे. त्याच शतकातील बुजुर्ग बिन शहरयार हा नाखवा सांगतो, की मुसलमानी मुलखात जो काझी, तोच येथे हुनरमन. म्हणजे दिल्लीत सुलतान बसण्यापूर्वी पावणेतीनशेहून अधिक वर्षे, एका हिंदू राजाच्या छत्राखाली, कोकणच्या किनाऱ्यावर काझीचे काम चालू होते.

पुढे दिल्लीची सल्तनत आली, १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले, आणि त्यानंतर निजामशाही व आदिलशाही. शहरांत, कसब्यांत व परगण्यांत काझी नेमले गेले. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता यालाही मुहम्मद तुघलकाने दिल्लीचा काझी केले होते. त्याला येथील भाषा नीट येत नव्हती, म्हणून सुलतानाने त्याच्या हाताखाली दोन नायब दिले. पुढे मालदीव बेटांतही त्याने हेच काम केले.

काझीचे काम केवळ निकाह लावण्याचे नव्हते. तंट्यांचा निवाडा, खरेदीखत व दानपत्रांवर शिक्का-साक्ष, पोरक्या मुलांच्या मालमत्तेवर देखरेख, ज्या मुलीला वाली नाही तिचे वालीपण, ही सर्व कामे त्याच्याकडे असत. जुन्या मराठी महजरांत हाजीर मजालसीची नावे पाहावीत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर तेथे काझीही बसलेला दिसतो. वतनाच्या भांडणाचा निर्णय असा सर्वांच्या साक्षीने होत असे. शिवाजी महाराजांच्या पदरी फारसी पत्रव्यवहार पाहणारे काझी हैदर होते, हे इतिहासप्रसिद्ध आहे. पेशवाईतही ठिकठिकाणच्या काझ्यांची वतने व इनामे चालू राहिली.

पदाचे आडनाव झाले

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. न्यायाधीशाचा मुलगा काही जन्मतः न्यायाधीश नसतो. मग पदाचे आडनाव कसे झाले?

याचे उत्तर वतनसंस्थेत आहे. आपल्या मुलखात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण ही सारी कामे वंशपरंपरेने चालत. काझीपणही त्याच साच्यात बसले. कामाबद्दल जमीन इनाम मिळाली. जमीन मुलाकडे गेली, आणि तिच्याबरोबर कामही गेले. पहिला काझी विद्वान म्हणून नेमला गेला होता, दुसरा विद्वानाचा मुलगा म्हणून, आणि चौथा-पाचवा केवळ सनद घरात आहे म्हणून! धर्मशास्त्राची अट विद्येची होती. वतनाने ती रक्ताची केली.

पुढे इंग्रजी अमलात न्यायदान सरकारी कोर्टांकडे गेले. १८६४ च्या ११ व्या कायद्याने सरकारने काझी नेमण्याची पद्धतच बंद केली. त्यामुळे निकाह व इतर धार्मिक कामांत अडचण येऊ लागली, म्हणून १८८० साली काझींचा कायदा झाला. त्याचे विधेयक कायदेमंडळात मांडणारे गृहस्थ म्हणजे अलीगढचे सर सय्यद अहमद खान. ज्या ठिकाणच्या मुसलमानांची इच्छा असेल, तेथे प्रमुख रहिवाशांचा सल्ला घेऊन सरकारने काझी नेमावा, असे त्यात ठरले. मात्र अशा काझीला न्यायदानाचा कोणताही अधिकार मिळणार नाही, आणि निकाहाला त्याची हजेरी आवश्यकच आहे असेही नाही, हे त्या कायद्याने स्पष्ट केले. तत्पूर्वी १८७७ च्या एका निवाड्यात मुंबई उच्च न्यायालयाने, मुसलमानी कायद्याप्रमाणे काझीपद वंशपरंपरागत नाही, असे सांगितले होते.

याप्रमाणे अधिकार गेला व नाव मात्र राहिले. पूर्वी सरकारी दप्तरात आपली नावे ‘अमुक वलद तमुक’ अशी लिहीत. शाळा, जमिनीचे उतारे व नोकऱ्या आल्या तसे आडनाव लिहिणे भाग पडले, आणि घराण्याला गाव ज्या नावाने ओळखत होता तेच कागदावर चढले.

आज कोठे आढळते?

महाराष्ट्रात रत्नागिरी-रायगडपासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नाशिक व मराठवाड्यापर्यंत काझी घराणी आहेत. सीमेपलीकडे बेळगाव, विजापूर, धारवाड भागात ती दाट आहेत. गुजरातेतही आहेत. नाशिकची ‘काझीची गढी’, मुंबईच्या मशीद बंदर भागातील ‘काझी सय्यद स्ट्रीट’ अशा स्थळनामांतही हा शब्द टिकला आहे. कोकणी मुसलमान दर्यावर्दी म्हणून व नोकरीधंद्यासाठी केप टाऊन, पूर्व आफ्रिका, आखाती देश व इंग्लंडपर्यंत गेले. त्यांची आडनावेही त्यांच्याबरोबर गेली.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. सर्व काझी एका वंशाचे नाहीत. ही जात नव्हे, जमात नव्हे, तर पदावरून पडलेले नाव आहे. कोकणातील काझी बहुधा शाफई, तर देशावरील हनफी. त्यांचा मूळपुरुष एक असण्याचे काहीच कारण नाही.

महाराष्ट्राबाहेर हा शब्द पुष्कळदा नावाच्या आधी येतो. बंगालचे कवी काझी नजरुल इस्लाम (१८९९-१९७६) सर्वांना माहीत आहेत. कालिकतचे काझी मुहम्मद यांनी १६०७ साली अरबी-मलयाळममध्ये ‘मुहियुद्दीन माला’ रचली. गुलबर्ग्याकडील गोगीचे काझी महमूद बहरी हे ‘मनलगन’चे कर्ते दखनी कवी. बडोदे संस्थानचे दिवाण काझी शहाबुद्दीन हे १९ व्या शतकातले. सिंध विद्यापीठाचे कुलगुरू झालेले अल्लामा आय. आय. काझी (१८८६-१९६८) यांचे मात्र ते आपल्यासारखेच शेवटी. २०२३-२४ साली पाकिस्तानच्या सरन्यायाधीशपदी काझी फाएज ईसा होते. नाव व काम यांची अशी पुन्हा गाठ पडणे विरळाच! सिक्कीमचे पहिले मुख्यमंत्री काझी ल्हेंडुप दोर्जी तर बौद्ध होते. तेथे ‘काझी’ ही सरदार घराण्यांची पदवी होती.

पालकांना दोन शब्द

हा सर्व इतिहास सांगण्यामागे दोन विनंत्या आहेत. पहिली व्यवहाराची. काझी, काजी, क़ाज़ी अशी मराठीत, आणि इंग्रजीत ‘के’ने वा ‘क्यू’ने, अशी पाच-सहा प्रकारची लेखने एकाच घरात सापडतात. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. याचा त्रास मुलाला ऐन प्रवेशाच्या वेळी होतो. कोणतेही लेखन चूक नाही. पण घराने एकच ठरवावे व सर्वत्र तेच लिहावे.

दुसरी विनंती अधिक कळकळीची आहे. काझी, खतीब, इनामदार अशा पुष्कळ घरांत जुन्या ट्रंकेत, माळ्यावर, कापडात बांधलेले कागद असतात. काही फारसीत, काही मोडीत. घरात कोणालाच ते वाचता येत नाहीत. मग वाटणीच्या वेळी किंवा घर पाडताना ते वाळवीच्या नाहीतर रद्दीवाल्याच्या हवाली होतात. त्यांत केवळ तुमच्या घराण्याचा नव्हे, तर गावाचा, शेजारच्या पाटील-कुलकर्ण्यांचा, विहिरी-मशिदी-मंदिरांचाही इतिहास असतो. कृपा करून ते टाकू नका. कोरड्या जागी ठेवा, त्यांची छायाचित्रे काढा, जाणकाराला दाखवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी दोघा-चौघांनी तरी मोडी व फारसी शिकून घ्या. आजोबांचा कागद वाचायला परक्याच्या दारी जावे लागणे ही शोभेची गोष्ट नाही.

काझीच्या घरचे उंदीरही शहाणे, अशी हिंदुस्थानीत एक म्हण आहे. तिच्यात थोडी थट्टा आहे, पण काझीचे घर म्हणजे ज्ञानाचे घर ही जुनी समजूतही तिच्यात आहे. ती समजूत खरी ठेवणे सनदेच्या हाती नाही, आडनावाच्याही नाही. ज्याच्या घरात कधी काझी झाला नाही, अशा बागवानाचा, पिंजाऱ्याचा, कोळ्याचा मुलगा किंवा मुलगी आज कायदा शिकून न्यायासनावर बसली, तर खऱ्या अर्थाने काझी तीच. आणि आडनाव काझी असून मुलाने आठवीतून शाळा सोडली, तर त्या घरात फक्त अक्षरे उरली.

आपल्या नावाचा अर्थ जाणण्याची व त्याला जागण्याची तौफीक अल्लाह आपणां सर्वांना देवो. आमीन.