हिमावरील रात्रपाळी

हिमाच्छादित उतारावर स्की खेळणाऱ्यांस सकाळीं जी सपाट वाट लाभते, ती आकाशांतून पडत नाहीं. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत, विंटर पार्क येथें, १९५० च्या सुमारास स्टीव्ह ब्रॅडली यांनीं उंचवटे तासणारें पातें व बर्फ दाबणारा रूळ यांची एक जोडी सिद्ध केली. क्रिकेटच्या मैदानावरील रुळाचाच हा भाऊ. पण ओढावयास बैल नाहीं, एंजिन नाहीं. पायांत स्की चढविलेला मनुष्य पुढें, आणि उतारावरून घरंगळणारा रूळ त्याच्या पाठीशीं! तोल गेल्यास काय होईल, हें सांगावयास नकोच. पुढें पट्ट्यांवर चालणारीं यंत्रें आलीं. १९६९ सालीं जर्मनींत केसबोरर कंपनीचें ‘पिस्टेनबुली’ निघालें. आतां उभ्या चढणीवर यंत्रास पोलादी दोराचा आधार असतो. वेळ मात्र बहुधा रात्रीचीच, कारण तेव्हां उतार निर्जन असतो. शिवाय दाबलेल्या बर्फाचे कण एकमेकांस चिकटून घट्ट होण्यास कांहीं तास जावे लागतात.