तुटलेला चिमटा, लोहाराचा भाता आणि दहा मिनिटांचा दंड (थ्रेड)

आज ‘टूर द फ्रान्स’मध्ये एखाद्याची सायकल मोडली, तर संघाच्या मोटारीवरून उतरवलेली दुसरी सायकल काही सेकंदांत त्याच्या हाती येते. १९१३ साली असे काही नव्हते. तेव्हाचे नियम काय होते, हे युजेन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलपटूची हकीकत वाचली की कळते.

क्रिस्तोफचा जन्म १८८५ मधला, पॅरिसलगतच्या मालाकॉफ गावचा. मूळ व्यवसाय कुलुपे बनवण्याचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. १९१० ची मिलान–सान रेमो शर्यत त्याने बर्फाच्या वादळातून वाट काढत जिंकली होती.

९ जुलै १९१३. बायोन ते ल्युशों, ३२६ किलोमीटरचा पिरेनीज पर्वतातील टप्पा. गतविजेता ओदिल दफ्रे मागे पडल्यामुळे एकूण आघाडी क्रिस्तोफकडे येण्याच्या बेतात होती. २,११५ मीटर उंचीची तुर्माले खिंड ओलांडून तो उतरू लागला आणि पुढच्या चाकाचा चिमटा तुटला.

सायकल बदलणे निषिद्ध. कुणाची मदत घेणेही निषिद्ध. मोडलेली सायकल खांद्यावर टाकून तो दहा-बारा किलोमीटर पायी उतरला, सेंत-मारी-द-कांपां या गावी. एकेक प्रतिस्पर्धी त्याला मागे टाकून जात होता. गावात लोहारशाळा सापडली. पण लोहाराने हातोड्याला हात लावायचा नाही, अशी अट. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. क्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवले, ऐरणीवर ठोकले, चिमटा जोडला. कुलुपांच्या कामात मुरलेला हात नसता, तर त्याची शर्यत तिथेच संपली असती.

दोन्ही हात लोखंडात गुंतलेले असताना भाता एका लहान मुलाने हलवला. पंचांनी त्याला बाहेरची मदत ठरवून दहा मिनिटांचा दंड ठोठावला! पुढे तो तीन मिनिटांवर आणला गेला. तासन्‌तास गमावून बसलेल्या माणसाला दहा काय आणि तीन काय. पॅरिसला तो सातवा आला. जिंकला बेल्जियमचा फिलिप थिस.

या नियमामागे निव्वळ क्रौर्य होते, असे मला वाटत नाही. मदतीला मोकळीक दिली असती, तर शर्यत श्रीमंत सायकल-कारखान्यांच्या खिशात गेली असती, ही भीती खरी होती. पण शर्यतीचे सर्वेसर्वा आंरी देग्रांज हेच ‘लोतो’ या वृत्तपत्राचे संपादक, आणि १९०३ मध्ये ही शर्यत सुरू झाली ती त्याच पत्राचा खप वाढावा म्हणून. एकाकी माणसाचे हाल ही तिथे विकाऊ बातमी होती. नियम करणारा, दंड देणारा आणि वृत्तान्त छापणारा एकच असला, की खेळाडूने दाद कुणाकडे मागावी?

मग महायुद्ध आले. फाबेर, लापीझ, पती-ब्रतों हे टूरचे तीन माजी विजेते त्यात गेले. १९१९ मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली आणि १९ जुलै रोजी ग्रनोबल येथे आघाडीवीराची पिवळी जर्सी प्रथमच दिली गेली, ती क्रिस्तोफला. ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापले जाई, त्यावरून तो रंग, असे सांगितले जाते. अखेरून दुसऱ्या टप्प्यात, मेत्झहून डंकर्ककडे जाताना, जवळपास अर्ध्या तासाची आघाडी हाती असताना व्हालंसिएनजवळ त्याचा चिमटा पुन्हा तुटला. आघाडी फिरमें लांबोकडे गेली आणि त्यानेच ती शर्यत जिंकली. लोकांनी क्रिस्तोफसाठी वर्गणी काढली. ती रक्कम विजेत्याच्या बक्षिसाहूनही मोठी भरली.

१९२२ साली गालिबिएच्या उतारावर चिमटा तिसऱ्यांदा तुटला. टूर त्याला कधीच जिंकता आली नाही. मात्र पाय पॅडलवरून घसरू नये म्हणून लावायच्या ‘क्रिस्तोफ’ छापाच्या क्लिपा पुढे अनेक दशके शर्यतपटूंच्या सायकलींवर दिसत राहिल्या. सेंत-मारी-द-कांपां येथे १९५१ मध्ये त्या दुरुस्तीच्या स्मरणार्थ फलक लागला, तेव्हा साठी उलटलेला क्रिस्तोफ स्वतः तिथे हजर होता.