घरी फिल्म-कॅसेट भरणे

३५ मिमी. कॅमेऱ्याची फिल्म शंभर फुटी डब्यात एकगठ्ठा विकत घेऊन, लागेल तेवढी तोडून रिकाम्या कॅसेटमध्ये स्वतः गुंडाळण्याची रीत. हिला बल्क फिल्म भरणे असेही म्हणतात. १९२५ साली बाजारात आलेला लायका कॅमेरा चित्रपटाच्या फिल्मवर चाले आणि त्याची कॅसेट छायाचित्रकारच भरी. तयार कॅसेट कोडॅकने १९३४ मध्ये आणली.

महाराष्ट्रात याहून अवघड काम त्याआधीच घरात झाले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढताना दादासाहेब फाळके यांच्याकडे आलेल्या कच्च्या फिल्मला कडेची भोकेही नसत. ती अंधारात पाडावी लागत. दादरच्या घरी हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. चित्रपटाच्या इतिहासात या कष्टाला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

एका चित्राला फिल्मची आठ भोके, म्हणजे ३८ मिमी. लागतात. दोन्ही टोके धरून ३६ चित्रांच्या रोलला सुमारे १.६ मी. फिल्म जाते आणि डब्यातून १८-१९ रोल निघतात. डब्यातली फिल्म लोडरमध्ये, म्हणजे कॅसेट भरण्याच्या उजेडबंद पेटीत, बसवणे पूर्ण अंधारात किंवा चेंजिंग बॅगेतच (हात घालून काम करायच्या उजेडबंद पिशवीत) करावे. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मला लाल दिवाही चालत नाही. पुढचे उजेडात होते : फिल्मचे टोक कॅसेटच्या स्पूलला चिकटपट्टीने लावायचे, लोडरचे झाकण बंद करायचे, दांडा फिरवायचा. या टोकाला उजेड लागलेला असल्याने रोलच्या शेवटची एकदोन चित्रे वाया जातात. महत्त्वाचा फोटो तिथे ठेवू नये.

सर्वांत जपायचे ते धुळीला. कॅसेटच्या तोंडाच्या मखमलीत एक कण अडकला तरी रोलभर सरळ ओरखडा उमटतो. जुन्या कॅसेटचा लोभ म्हणूनच महागात पडतो.

राळेगावसारख्या यवतमाळ जिल्ह्यातील गावी उन्हाळाही आडवा येतो. डबा फ्रिजमध्ये ठेवावा, पण उघडण्याआधी काही तास बाहेर काढावा, नाहीतर फिल्मवर दव धरते. कोरड्या हवेत दांडा भराभर फिरवला तर स्थिर विजेच्या ठिणग्या पडून चित्रावर फांद्यांसारख्या रेषा येतात.

ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म बंद झाल्यावर भिस्त आयातीवर आली. त्यामुळे रोलमागे वाचणारा पैसा शिकणाऱ्याला मोलाचा आहे.

भरलेल्या कॅसेटवर फिल्मचे नाव, वेग, चित्रसंख्या आणि तारीख तिथल्या तिथे लिहावी.