निजलेल्या घराचा पहारा

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागून प्रचंड स्फोट झाले. त्या आगीशी झुंजताना अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो आणि तो नेमका वसंतात येतो. आग विझविणाऱ्यांचे शौर्य आपण स्मरतो, हे योग्यच आहे. परंतु घरातील माणूस निजलेला असताना त्यास आगीची वर्दी कोणी द्यावयाची, या प्रश्नाचाही एक इतिहास आहे. तो शौर्याचा नव्हे, बारीकसारीक चुका सुधारण्याचा इतिहास आहे; म्हणूनच आज तो सांगावा असे आम्हांस वाटले.

आमच्या जुन्या खेड्यांत रात्री जागल्या गस्त घाली. शहरे वाढली तसे हे काम विजेकडे आले. १८५२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात तारायंत्राने आगीची वर्दी देणारी नगरव्यवस्था सुरू झाली. चॅनिंग व फार्मर हे तिचे कर्ते. पण तिच्यातही वर्दी देणारा माणूसच होता. तो जागा असेल तरच पेटीपाशी जाणार! १८९० मध्ये एडिसनचे सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी डिबल यांच्यासह विजेवर चालणाऱ्या आगसूचकाचे पेटंट घेतले. ते यंत्र उष्णता ओळखी. आता घरातील आगीत माणूस बहुधा ज्वाळांच्या आधी धुराने गुदमरतो. उष्णतेची वाट पाहणारा पहारेकरी चोर घरात शिरल्यावर जागा होतो, असेच म्हणावे लागेल.

धूर ओळखण्याची युक्ती सापडली ती जवळजवळ अपघाताने. १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील वॉल्टर येगर हे शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण करू पाहत होते. वायूने काही घडेना. कंटाळून त्यांनी सिगारेट शिलगावली आणि मापकाचा काटा हलला! पुढे एर्न्स्ट मायली यांनी त्या क्षीण प्रवाहाची शक्ती वाढविणारी नळी योजून हे तत्त्व व्यवहारात आणले. तत्त्व सोपे आहे. किरणोत्सर्गी पदार्थाच्या अल्पशा कणामुळे दोन पट्ट्यांमधील हवेतून सूक्ष्म वीजप्रवाह वाहू लागतो. धुराचे कण शिरले की तो मंदावतो आणि घंटा वाजते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात प्रकाशकिरण धुरावर आदळून विखुरतो व ती चमक संवेदक टिपतो. भडकणारी आग पहिले यंत्र लवकर ओळखते, तर धुमसणारी आग दुसरे.

ही यंत्रे महाग होती. ती कारखान्यांत व कचेऱ्यांत बसली. सामान्य घरात त्यांचा प्रवेश झाला तो १९६५ च्या सुमारास अमेरिकेत ड्वेन पिअर्सल यांनी बॅटरीवर चालणारे सुटसुटीत यंत्र घडविल्यानंतर. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत किंमत उतरली आणि घरोघरी यंत्रे लागली. प्रश्न सुटला असे वाटले. पण तो केवळ जागा बदलून बसला होता.

फोडणीच्या धुरानेही यंत्र कर्कश ओरडते. वैतागलेला गृहस्थ खुर्चीवर चढून बॅटरी काढतो आणि ‘उद्या बसवू’ म्हणतो. तो उद्या येत नाही. कधी बॅटरी संपते आणि यंत्र छतावर मुके लटकत राहते. पहारेकरी नसलेले घर निदान सावध असते. मेलेल्या पहारेकऱ्याच्या भरवशावर निजलेल्या घराची स्थिती त्याहून वाईट. म्हणून कायदेकर्त्यांनी मोर्चा घराच्या वीजपुरवठ्याकडे वळविला. १९८९ मध्ये अमेरिकन नियमावलीने नव्या घरांतील यंत्रे परस्परांस जोडावी असे सांगितले. इंग्लंड व वेल्समध्ये १९९२ पासून नव्या घरांस वीजवाहिनीवरील यंत्रे आवश्यक झाली. स्कॉटलंडने तर २०२२ मध्ये जुन्या घरांसही जोडलेली यंत्रे सक्तीची केली. स्वयंपाकघरात धूर झाला तर माडीवर निजलेल्या मुलाच्या उशाशी घंटा वाजावी, हा त्यातील हेतू.

येथे कोणी विचारील, वीजच गेली तर? म्हणून वीजवाहिनीच्या यंत्रातही राखीव बॅटरी असते. पण वीज गेल्याचे कळावे कसे? ब्रिटिश पद्धतीत यास मोठे मार्मिक उत्तर आहे. यंत्रास स्वतंत्र सर्किट द्यावे, नाहीतर रोज वापरातील दिव्यांच्या सर्किटवर ते जोडावे. दिवे लागले नाहीत की गृहस्थ त्याच रात्री फ्यूज पाहतो आणि दिव्याबरोबर पहाराही पुन्हा चालू होतो. मात्र यंत्राची तार भिंतीवरील बटणातून कधीही घेऊ नये. दिवा मालवला की पहारेकरीही झोपेल.

तारांच्या रंगांतही इतिहास दडलेला आहे आणि तेथे चूक प्राणाशी पडते. आपल्याकडे काळी तार न्यूट्रल. जुन्या ब्रिटिश घरांतही तीच रीत होती. अमेरिकेत मात्र काळी तार जिवंत आणि पांढरी न्यूट्रल. ब्रिटनने २००४ पासून तपकिरी व निळा हे रंग स्वीकारले. तेव्हा रंगावर विश्वसून तारेस हात लावणे हा निव्वळ जुगार होय. परदेशातील आप्ताने प्रेमाने पाठविलेले अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचे असते; आपल्या २३० व्होल्टांवर ते जोडू नये. यंत्रांना परस्परांशी जोडणारी तिसरी तार वेगळी असावी. अर्थिंगची तार त्या कामी कधी वापरू नये. सर्व यंत्रे एकाच सर्किटवर व एकमेकांशी जुळणारी असावीत. काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. त्याने मेन स्विच बंद करावा, तार खरोखर मृत आहे याची मापकाने खात्री करावी आणि वायरिंगची इन्शुलेशन चाचणी यंत्रे जोडण्यापूर्वीच उरकावी. त्या चाचणीच्या दाबाने यंत्रातील नाजूक भाग जळतात. त्यानंतर महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबणे आणि दहा वर्षांनी यंत्र बदलणे एवढे घरधन्याकडे उरते.

या इतिहासाचा बोध कोणता? धूर ओळखण्याची विद्या लवकर सापडली. यंत्र जागे ठेवण्याची विद्या सापडण्यास आणखी अर्धशतक लागले. माणूस विसरतो, कंटाळतो, आळस करतो. सुधारणा टिकली ती या दुर्गुणांवर उपदेश करून नव्हे, तर ते गृहीत धरून तार ओढल्याने. गोदीतल्या त्या ६६ जणांनी इतरांसाठी प्राण वेचले. त्यांच्या वारसांना आपल्या दारी येण्याची वेळच येऊ नये, एवढी व्यवस्था आपण आपल्या छताखाली केली, तर त्यांचे स्मरण आपण खऱ्या अर्थाने केले असे होईल.