आजीव सभासदांचा वेळ कोणाचा?

टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली ती आगरकरांशी सामाजिक सुधारणेवरून बिनसलं म्हणून, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. १८९० साली वाद विकोपाला गेला तो संस्थेचेच आजीव सभासद असलेल्या गोखल्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेचं चिटणीसपद पत्करल्यावर. टिळकांचा आक्षेप असा की, संस्थेला वाहिलेल्या माणसाचा वेळ संस्थेचाच. तो दुसरीकडे वळवायचा त्याला अधिकार नाही. आज ज्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात, तोच हा.

संस्था १८८४ साली स्थापन झाली, ती त्यागाच्या भरवशावर. आजीव सभासदाने वीस वर्षं राबायचं, महिना ७५ रुपयांत संसार चालवायचा. टिळकांपुढे जेझुइट पाद्र्यांचा आदर्श होता. पण त्या पाद्र्यांना बायकामुलं नसतात, हा फरक पुण्यात फार महागात पडला. पगारवाढीचा विषय निघाला की टिळक आडवे येत. आगरकरांचा कल असा की, नेमून दिलेलं काम चोख झालं की उरलेला वेळ ज्याचा त्याचा.

टिळकांचा तरी ‘केसरी’ होताच की, असं कोणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे. १८८८ पासून आगरकरांचा ‘सुधारक’ होता, त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळत. त्यांचे सहकारी नामजोशी यांच्या उठाठेवी तर विचारूच नयेत. म्हणजे बाहेरचं काम सगळ्यांनाच होतं, आणि कोणतं चालेल, कोणतं नाही, हे ठरवायला बसत तेही आजीव सभासदच. ज्याच्यावर आक्षेप तो आणि आक्षेप घेणारा एकाच बैठकीत, दोघांनाही मत! त्यामुळे तत्त्वाचा प्रश्न हां हां म्हणता माणसांचा झाला.

सभेच्या कामात गोखल्यांचा काही स्वार्थ नव्हता, ते देशकार्यच होतं, हा दुसरा बचाव. पण दोन चांगल्या संस्था एकाच माणसाच्या वेळेवर हक्क सांगू लागल्या की पेच पडतोच. त्यासाठी पैशाचा लोभ असावाच लागतो असं नाही. तेव्हा कोणत्या संस्थेचा हक्क आधी, हे लिहून ठेवायला हवं होतं. नुसत्या शपथेने ते भागत नव्हतं.

गोखले मात्र हे विसरले नसावेत. १९०२ मध्ये ते संस्थेतून निवृत्त झाले. १९०५ साली भारत सेवक समाज काढला, तेव्हा सदस्याच्या प्रतिज्ञांत त्यांनी एक कलम घातलं: संस्था देईल त्यावर समाधान मानीन, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी टिळक बोलत होते ते याहून फार वेगळं नव्हतं.